ल्युमेन, लाइट आणि आपली रुची

प्रश्न असा आहे: एलईडी बल्बच्या खोक्यावर ‘ल्युमेन’ छापलेलं असतं. ‘ल्युमिनस’, ‘इल्युमिनेट’ हे इंग्रजी शब्दही त्याच घरातले दिसतात. हे सगळे लॅटिनमधून आले असतील तर ‘लाइट’ही तिथूनच आला का? आणि संस्कृत ‘लोचन’शी त्यांचं नातं असल्याचं सांगतात, त्यात तथ्य किती?

आधी थेट उत्तर. ल्युमेन अस्सल लॅटिन. लाइट मात्र लॅटिनमधून आलेला नाही. तो इंग्रजीचा घरचा शब्द आहे, आणि लॅटिन शब्दाचा भाऊबंद आहे. लोचनचं नातं खरं आहे, पण त्याहून मजेदार नातेवाईक आपल्या तोंडी येता-जाता असतात: रुची, लोक आणि चक्क ‘रोज’. कोशाच्या कामात माझी बरीच वर्षं गेली आहेत. असं काही विचारलं की मी एकच सांगतो: कानाला सारखे लागले म्हणून दोन शब्दांचं नातं जोडू नका आणि वेगळे लागले म्हणून तोडू नका. ध्वनी बदलतात ते नियमाने. तो नियम दाखवता आला तर नातं मानायचं, नाहीतर योगायोग म्हणून सोडून द्यायचं.

आता ल्युमेन उघडून पाहू. लॅटिनमध्ये ‘लूक्’ हे अंग आहे, अर्थ प्रकाशणं. त्याला कर्त्याचा ‘स्’ लागला की होतं लूक्स, म्हणजे उजेड. त्याच अंगाला ‘मेन’ हा प्रत्यय लागून लूमेन झाला. हा ‘मेन’ आपल्या ओळखीचा आहे. संस्कृतात नामन्, कर्मन्, जन्मन् यांच्या शेवटी जो ‘मन्’ दिसतो तोच हा. आपलं नामन् ते लॅटिनचं नोमेन. म्हणजे लूमेनचं मूळ रूप साधारण ‘लौक्स्मेन’ असं होतं. ‘क्स्म’ हा जोडाक्षरांचा गुंता लॅटिनला पेलला नाही, क आणि स गळाले, आणि ‘औ’चा लॅटिनच्या नेहमीच्या नियमाने ‘ऊ’ झाला. संस्कृतातला ‘-मन्’ एकदा ओळखला की लॅटिनमधले असे डझनभर शब्द आपोआप सुटतात, म्हणून हा प्रत्यय मी विद्यार्थ्यांना सगळ्यांत आधी दाखवतो.

लूक्स आणि लूमेन यांच्यात रोमन लोक ढोबळ फरक करत. लूक्स म्हणजे उजेड, विशेषतः दिवसाचा. लूमेन म्हणजे उजेडाचं साधन किंवा वाट: दिवा, मशाल, कवितेत डोळा, आणि घराच्या भिंतीतली खिडकी. हा शेवटचा अर्थ लक्षात ठेवा, कारण त्याने दोन अगदी वेगळ्या धंद्यांमध्ये मुक्काम केला.

पहिला धंदा वकिलीचा. रोमन कायद्यात ‘शेजाऱ्याने आपल्या लूमिनांना अडथळा आणू नये’ असा हक्क होता. लूमिना हे लूमेनचं अनेकवचन, इथे अर्थ खिडक्यांतून येणारा उजेड. इंग्लंडमध्ये हीच कल्पना ‘एन्शंट लाइट्स’ या नावाने रुजली. लंडनच्या जुन्या इमारतींच्या खिडक्यांखाली या दोन शब्दांच्या पाट्या असत. तिथल्या १८३२च्या कायद्याने वीस वर्षं अखंड मिळालेल्या उजेडाला हक्काचा दर्जा दिला. आपल्याकडे १८८२च्या सुविधाधिकार अधिनियमाच्या कलम १५ मध्ये इमारतीला मिळणाऱ्या उजेड-वाऱ्यासाठी तीच वीस वर्षांची मुदत आहे. शेजारच्या प्लॉटवर टॉवर उठला आणि आपल्या खोलीत अंधार झाला की वकील ज्या कलमावर बोट ठेवतात ते हे. इंग्रजीत या वादांमध्ये ‘लाइट’ शब्द चक्क खिडकी या अर्थाने येतो. वापर लॅटिन लूमेनचाच, फक्त कपडे इंग्रजी.

दुसरा धंदा डॉक्टरांचा. अँजिओग्राफीच्या रिपोर्टात ‘ल्युमेन’ अमुक टक्के अरुंद झाल्याचं लिहिलेलं असतं. डायलिसिसच्या रुग्णाला ‘डबल ल्युमेन कॅथेटर’ बसवतात. इथे उजेडाचा काय संबंध, असं लोक विचारतात आणि ते बरोबरच आहे, कारण रक्तवाहिनीत उजेड नसतो. नळी आडवी कापून तिच्याकडे समोरून पाहिलं तर भिंतींच्या मध्ये एक मोकळी जागा दिसते, जिच्यातून पलीकडचा उजेड दिसू शकतो. त्या मोकळ्या जागेला शरीरशास्त्रज्ञांनी लूमेन म्हटलं, खिडकी या जुन्या अर्थाने. डबल ल्युमेन म्हणजे एका नळीत दोन स्वतंत्र वाटा: एकीतून रक्त यंत्राकडे जातं, दुसरीतून शुद्ध होऊन परत येतं. रुग्णालयात वावरणाऱ्या किती जणांना ठाऊक असतं, की आपण रोमन खिडकीबद्दल बोलतोय!

इंग्रजीत या घराण्याचे शब्द दोन दारांनी आले. काही फ्रेंचमार्गे: ‘ल्युमिनस’ असा आला. ‘लिम’ असा उच्चार असणारं आणि ‘चित्र रेखणं’ अर्थाचं एक जुनं क्रियापदही असंच आलं, त्याच्या शेवटचा मुका ‘न’ फक्त लिहितात. हे क्रियापद म्हणजे ‘इल्युमिनेट’चंच झिजलेलं रूप. मध्ययुगात हस्तलिखितांच्या समासात सोन्याचा वर्ख लावून वेलबुट्टी काढणाऱ्यांना पान ‘उजळणारे’ म्हणत, आणि त्या अर्थाने इल्युमिनेट चित्रकारांचाही शब्द होता. दुसरं दार पंडितांचं, थेट ग्रंथातल्या लॅटिनचं. ल्युसिड, इल्युसिडेट, ट्रान्स्ल्युसंट हे त्या दाराने आले. कुठला शब्द कुठल्या दाराने आला हे त्याच्या झिजेवरून कळतं. फ्रेंचमधून आलेले घासून गुळगुळीत झालेले असतात, ग्रंथातून आलेले कोरे करकरीत.

मध्ययुगातल्या प्रकाशशास्त्राने लूक्स-लूमेन भेद आणखी काटेकोर केला: प्रकाश देणाऱ्या वस्तूत असतो तो लूक्स, तिथून निघून हवेत पसरतो तो लूमेन. तेराव्या शतकात इंग्लंडमध्ये रॉबर्ट ग्रोसटेस्ट या विद्वान बिशपने प्रकाशावर लिहिलं तेव्हा या जोडीचा आधार घेतला होता. पुढे १८९४ मध्ये आंद्रे ब्लोंडेल या फ्रेंच अभियंत्याने प्रकाशमापनाची एकके सुचवली, तेव्हा दिव्यातून बाहेर पडणाऱ्या एकूण प्रकाशासाठी ल्युमेन हे नाव आलं. लक्स हे नाव पृष्ठभागावर पडणाऱ्या प्रकाशाला मिळालं. एका चौरस मीटरवर एक ल्युमेन पडला की एक लक्स. गंमत अशी की मध्ययुगीन पंडितांचा लूक्स दिव्याकडचा होता, आजचा लक्स टेबलाकडचा आहे. जोडी तीच राहिली आणि जागांची अदलाबदल झाली.

व्यवहारात याचा उपयोग असा. जुना ६० वॉटचा पिवळा बल्ब साधारण ७०० ते ८०० ल्युमेन द्यायचा. तेवढा उजेड आज ८-९ वॉटच्या एलईडीतून मिळतो. म्हणून वॉट पाहून उजेड ठरवायची सवय सोडा, खोक्यावरचा ल्युमेनचा आकडा पाहा. लक्स मात्र बल्बच्या खोक्यावर सापडणार नाही, कारण तो बल्बचा गुणच नाही. दिवा किती उंचीवर टांगलाय, शेड कशी आहे, भिंत पांढरी की विटकरी, यावर तो ठरतो. अभ्यासाच्या टेबलावर ३०० ते ५०० लक्स असावेत असं म्हणतात, आणि तोच बल्ब खाली आणला की लक्स वाढतात, ल्युमेन तेवढेच राहतात.

आता ‘लाइट’. हा लॅटिनमधून आला असता तर त्याच्यात ‘क’ दिसायला हवा होता, जसा ल्युसिडच्या मूळ उच्चारात होता. लाइटच्या स्पेलिंगमध्ये मात्र मधेच एक जी-एच बसलाय, जो कुणी उच्चारत नाही. शाळेत या जी-एचने आपल्याला छळलं, पण पुरावा म्हणून तो लाखमोलाचा आहे. एके काळी तो ‘ख’सारखा घशातून उच्चारला जाई. जर्मन ‘लिख्ट’मध्ये तसा ध्वनी अजून ऐकू येतो. जर्मानिक भाषांमध्ये, म्हणजे इंग्रजी-जर्मनच्या शाखेत, मूळ ‘क’चा (म्हणजे संस्कृत, लॅटिन आणि या शाखेच्या सामाईक पूर्वज भाषेतल्या ‘क’चा) सरसकट ‘ह’ किंवा ‘ख’ झाला. लॅटिन ‘ऑक्टो’, जर्मन ‘आख्ट’, इंग्रजी ‘एट’, आपलं अष्ट. लॅटिन ‘नॉक्स’ची रूपं ‘नॉक्ट-’ या अंगावर चालतात, जर्मन ‘नाख्ट’, इंग्रजी ‘नाइट’, संस्कृत नक्त. याच साच्यात लूक्स, लिख्ट, लाइट बसतात. शेवटचा ‘ट’ प्रत्ययाचा. हा बदल याकोब ग्रिम यांनी १८२२ मध्ये नियम म्हणून मांडला, त्यांच्या आधी डेन्मार्कच्या रास्मुस रास्क यांनी तो १८१८ मध्ये नोंदवला होता. म्हणजे लॅटिन आणि जर्मानिक शाखा एकमेकींपासून तुटल्या तेव्हा प्रत्येकीने उजेडाचा जुना शब्द आपल्यासोबत नेला. कित्येक शतकांनी लॅटिनवाला शब्द पाहुणा म्हणून इंग्रजीत आला तेव्हा घरात त्याचा भाऊबंद आधीच बसलेला होता. त्यामुळे इंग्रजीत खोलीतला साधा उजेड लाइट, आणि जरा सजूनधजून बोलायचं तर इल्युमिनेशन.

आता संस्कृतकडे. इथे लूक् धातूचं रूप आहे रुच्. ल चा र झालेला पाहून दचकू नका. आपल्याच वैयाकरणांनी ‘रलयोरभेदः’ म्हणून ठेवलंय. वैदिक बोलींमध्ये काही ठिकाणी मूळ ‘ल’चा ‘र’ झाला, काही ठिकाणी ‘ल’ राहिला, आणि पुढे सगळ्या बोली एकमेकींत मिसळल्या. म्हणून एकाच मुळाची रुच् आणि लोच् अशी जुळी रूपं संस्कृतात नांदतात. रुच्मधून रोचन, विरोचन आणि सोन्याच्या दागिन्याला असलेला ‘रुक्म’. लोच्मधून लोचन, आलोचना, समालोचना. लोक् या तिसऱ्या रूपातून अवलोकन, आलोक. च आणि क यांची अदलाबदल तर आपण रोज पाहतो: वाचा पण वाक्य, पचन पण पाक, शुच् पण शोक. तालव्य स्वरापुढे मूळ ‘क’चा ‘च’ झाला, इतर ठिकाणी ‘क’ तसाच राहिला.

रुचीकडे मात्र मी जरा जास्त वेळ थांबतो, कारण तिचा अर्थ फार लांब आला. पाणिनीय धातुपाठात नोंद आहे: ‘रुच दीप्तावभिप्रीतौ च’. रुच् म्हणजे चमकणं आणि आवडणंही. जे चमकतं ते डोळ्यांत भरतं, जे डोळ्यांत भरतं ते मनाला भावतं, आणि मनाला भावतं ते जिभेलाही. एवढं अंतर हा शब्द संस्कृतातच चालून गेला होता. पाणिनीने सूत्रही दिलं: ‘रुच्यर्थानां प्रीयमाणः’, म्हणजे आवडण्याच्या अर्थाचा धातू असेल तर ज्याला आवडतं त्याची चतुर्थी. मराठीत हा नियम अजून जिवंत आहे. आपण ‘मी रुचतो’ म्हणत नाही, ‘मला रुचत नाही’ म्हणतो. भाजीत मीठ कमी पडलं म्हणून ‘रुचकर नाही’ असं म्हणणारा माणूस चमकण्याचा धातू वापरत असतो आणि पाणिनीचं सूत्र पाळत असतो.

लोकचं नातं याहून अनपेक्षित. वेदात लोक म्हणजे मोकळी, खुली जागा. जग आणि जगातली माणसं हे अर्थ मागाहून आले. अरण्यात झाडं हटली की आकाश दिसतं आणि उजेड जमिनीपर्यंत येतो, ती जागा लोक. लॅटिनमध्ये याचं जुळं भावंड आहे लूकुस, म्हणजे देवराई. लिथुआनियन भाषेत ‘लाउकस’ म्हणजे शेत. इंग्रजीत हाच शब्द ‘ली’ होऊन गावांच्या आणि माणसांच्या नावांत शिरला: ब्रॅडली, स्टॅन्ली यांचा शेवटचा तुकडा तो. नेपोलियन जिथे हरला त्या वॉटर्लूमधला ‘लू’ही याच मुळाचा.

या लूकुसवरून रोमन पंडितांमध्ये एक वाद झडला होता. देवराई तर दाट आणि काळोखी असते, मग तिचं नाव उजेडावरून कसं? काहींनी सांगून टाकलं, ‘उजेड नसतो म्हणूनच’. पहिल्या शतकातल्या क्विंटिलियनने अशा उलट्या व्युत्पत्तींची दखल घेतली, आणि पुढे ‘लूकुस आ नोन लूकेंदो’, म्हणजे ‘प्रकाशत नाही म्हणून लूकुस’, हा ओढूनताणून केलेल्या व्युत्पत्तीसाठी वाक्प्रचारच झाला. गंमत म्हणजे लूकुस आणि लूक्स यांचं नातं खरंच निघालं, फक्त कारण त्यांनी दिलेलं नव्हतं. राई हा अर्थ नंतरचा. आधी अर्थ होता राईतली मोकळी जागा, जिथे देवाची पूजा व्हायची.

तिसरी वाट फारसीची. इराणी शाखेत ‘ल’ जवळजवळ सगळीकडे ‘र’ झाला. अवेस्ता या पारशांच्या धर्मग्रंथाच्या भाषेत ‘रओचह्’ म्हणजे प्रकाश. जुन्या फारसीत ‘रौचह्’चा अर्थ दिवस असा झाला. इराणच्या दारयवहु (डरायस) राजाने तिथल्या बेहिस्तूनच्या कड्यावर, ख्रिस्तपूर्व ५२०च्या सुमारास, आपल्या विजयांच्या तारखा कोरल्या आहेत, त्यांत दिवस मोजायला हाच शब्द आहे. तिथून मधल्या टप्प्यांनी ‘रोज’ झाला आणि दरबारी फारसीबरोबर मराठीत आला. दररोज, रोजंदारी, रोजी, रोजगार, पारशांचा नवरोज, मुसलमानांचे रोजे, सगळी एकच पाळंमुळं. पेशवे दफ्तरात दैनंदिन जमाखर्चाला ‘रोजकीर्द’ म्हणतात, तोही याच घरचा. आणि रोशन, रोषणाई? तीही इथलीच. अवेस्तातला ‘रओख्श्न’ म्हणजे तेजस्वी, त्याचं आजचं रूप रोशन. सिकंदराची बायको रोक्साना, तिच्या नावाचा उलगडाही बहुतेक अभ्यासक याच शब्दाने करतात.

हा ‘ख्श्न’ नीट पाहा, कारण लॅटिनमध्ये त्याचा जोडीदार आहे. लॅटिन लूना, म्हणजे चंद्र, मूळचा ‘लौक्स्ना’. रोमजवळच्या प्रेनेस्ते गावात ख्रिस्तपूर्व चौथ्या-तिसऱ्या शतकातला एक काशाचा आरसा सापडला. त्यावर चंद्रकोरीसोबत एक देवी कोरलेली आहे आणि तिचं नाव लिहिलंय ‘लोस्ना’. अंदाजाने मांडलेल्या रूपातला ‘स्’ प्रत्यक्ष धातूवर कोरलेला मिळावा, याहून भाषाशास्त्राला दुसरा आनंद नसतो. म्हणजे रोशन आणि लूना प्रत्ययासकट एकच शब्द. किनेटिकची लूना ज्यांनी चालवली त्या आपल्या पिढीला हे सांगायला हरकत नाही.

आता जोडायची नाहीत अशी नाती, कारण दर काही महिन्यांनी कुणीतरी ती उत्साहाने पुढे पाठवतं. पहिलं: इंग्रजी ‘लुक’ म्हणजे संस्कृत लोक्. दिसायला किती छान! पण वरचा नियम लावा. मूळ ‘क’चा इंग्रजीत ‘ह’ किंवा मुका जी-एच होतो, आणि लुकमध्ये तर ठणठणीत ‘क’ आहे. इंग्रजीतला असा ‘क’ मूळ ‘ग’पासून येतो: युग (म्हणजे जू) आणि योक, जानु (म्हणजे गुडघा) आणि नी (त्या नीच्या स्पेलिंगमधला मुका के आठवा). म्हणून लुक या घराण्यातला असूच शकत नाही.

दुसरं: ‘लक्झरी’. हा लूक्सपासून नाही, ‘लुक्सुस’ म्हणजे अतिरेक, चैन, या वेगळ्या शब्दापासून आहे. लक्स साबणाच्या नावात मात्र दोन्ही अर्थ गुण्यागोविंदाने नांदतात. लीव्हर ब्रदर्सने १८९९ मध्ये कपडे धुण्यासाठी ‘सनलाइट फ्लेक्स’ काढले आणि वर्षभरात त्यांचं नाव लक्स केलं. उजेडाच्या इंग्रजी शब्दावरून लॅटिन शब्दावर उडी, आणि वर श्रीमंतीचा वास फुकट. जाहिरातवाल्यांना व्युत्पत्ती कळते हो, सोयीपुरती.

तिसरं, आणि यात चांगले चांगले फसतात: हलका या अर्थाचा ‘लाइट’. तो उजेडाचा लाइट नव्हे. हा आपल्या लघुचा भाऊबंद, लॅटिनमध्ये ‘लेविस’. रघु हे नावही त्याच मुळाचं, म्हणजे चपळ, आणि तिथे परत आपला र-ल. जर्मनमध्ये दोघे अजून वेगळे आहेत, उजेड तो ‘लिख्ट’ आणि हलका तो ‘लाइख्ट’. इंग्रजीत झीज होता होता दोघांचं स्पेलिंग एक झालं.

चौथं: ‘डे’ आणि दिवस. लॅटिन ‘दिएस’ आणि दिवस एका मुळाचे आहेत, पण इंग्रजी ‘डे’ त्यांचा नाही. मूळ ‘द’चा इंग्रजीत ‘ट’ होतो: दोन आणि टू, दश आणि टेन, दंत आणि टूथ. म्हणून खरा नातेवाईक शोधायचा तर ‘ट’ने सुरू होणारा हवा. तो ‘ट्यूझडे’मध्ये सापडतो. त्यातला ‘ट्यूझ’ म्हणजे तीव नावाचा जर्मानिक देव, आणि तो शब्द म्हणजे आपला ‘देव’च. शब्दाच्या पहिल्या अर्ध्यात नातं आहे, दुसऱ्या अर्ध्यातल्या ‘डे’त नाही.

लुसिफरबद्दलही हमखास विचारणा होते, म्हणून थोडक्यात. लूक्स अधिक ‘फेर’, म्हणजे वाहून आणणारा. हा ‘फेर’ संस्कृतातला भृ, आपल्या भरण, भारमधला. लुसिफर म्हणजे उजेड घेऊन येणारा: पहाटेची शुक्राची चांदणी. ग्रीक ‘फॉस्फोरॉस’चा हा शब्दशः लॅटिन अवतार, आणि त्यातला ‘फॉस्’ आपल्या भा, प्रभा, भानूचा नातेवाईक, म्हणजे फोटोही त्यांचाच. बायबलच्या लॅटिन अनुवादात यशायाच्या चौदाव्या अध्यायात बाबिलोनच्या राजाला ‘आकाशातून कसा पडलास’ असं हिणवताना हा शब्द आला, आणि पुढच्या वाचकांनी त्याचा सैतान केला. मुळात शब्दाला काही डाग नव्हता. चौथ्या शतकात सार्डिनियातल्या काल्यारीच्या बिशपचंच नाव लुसिफर होतं. एकोणिसाव्या शतकात लंडनमध्ये आगकाड्या लुसिफर नावाने विकल्या जात, आणि डच भाषेत आगकाडीला आजही लुसिफरच म्हणतात. फ्रेंच शास्त्रज्ञ राफाएल द्युबुआ यांनी १८८०च्या दशकात सजीवांच्या प्रकाशाचा अभ्यास करताना प्रकाश देणाऱ्या द्रव्याला ‘लुसिफेरिन’ नाव दिलं. पावसाळ्याच्या तोंडावर भंडारदरा, पुरुषवाडीकडे काजवे पाहायला गाड्या भरभरून जातात, त्या काजव्यांच्या पोटात जे जळतं ते हे लुसिफेरिन.

शेवटी कँडेला, कारण ल्युमेन आणि लक्स यांच्या रांगेत तिसरं एकक तेच आणि लोक तेही याच कुळात घालतात. ते या कुळातलं नाही. लॅटिन ‘कांदेला’ म्हणजे मेणबत्ती, मूळ ‘कांदेरे’, पांढरं झळकणं. १९४८ मध्ये प्रकाशाच्या तीव्रतेच्या एककाला हे नाव मिळालं. याच मुळाचा ‘कांदिदुस’ म्हणजे झळझळीत पांढरा. त्यावरून ‘कँडिडेट’, कारण रोममध्ये निवडणुकीला उभा राहणारा माणूस खडूने पांढराशुभ्र केलेला झगा घालून मतं मागत फिरे. प्रचारासाठी कपड्यांना असा पांढरा रंग लावू नये, असा कायदा लोकप्रतिनिधींनी ख्रिस्तपूर्व ४३२ मध्ये आणल्याचं इतिहासकार लिव्ही सांगतो. तो फार चालला नसावा, नाहीतर शब्द उरला नसता.

कांदेरेचा संस्कृत नातेवाईक आहे चंद्र. मूळ मुळाच्या आरंभी एक ‘स’ होता, तो लॅटिनमध्ये गळाला आणि संस्कृतातही बहुतेक ठिकाणी गळाला. ऋग्वेदात मात्र ‘पुरुश्चन्द्र’, ‘सुश्चन्द्र’ असे समास आहेत, आणि त्यांतला ‘श्’ हा त्या ‘स’चाच अवशेष. हरि आणि चंद्र यांचा समास सरळ ‘हरिचंद्र’ व्हायला हवा. मधला ‘श्’ कुठून आला हे संधिनियमांनी सांगता येत नाही, म्हणून पाणिनीला ‘प्रस्कण्वहरिश्चन्द्रावृषी’ असं वेगळं सूत्र करून त्या नावाची सोय लावावी लागली.